बालवर्गाची वही आणि घरचा अभ्यास

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या कोणत्याही शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांत डोकावून पाहिलें असतां एक देखावा बहुधा दृष्टीस पडतो. चार वर्षांचें मूल जमिनीवर बसलेलें असतें. पुढ्यांत चार रेघांची वही असते. शाळेनें दुपारींच मोबाइलवर धाडलेला 'आजचा होमवर्क' शेजारीं उघडा असतो. आणि आई मुलाची मूठ आपल्या मुठींत धरून पेन्सिल फिरवीत असते. पान पुरें व्हावयाचें असतें, मुलाला झोंप येत असते, स्वयंपाक तसाच राहिलेला असतो. शेवटीं एक तर मूल रडूं लागतें, नाहीं तर आई तें पान स्वतःच लिहून टाकते. दुसऱ्या दिवशीं शिक्षिकाबाई त्या पानावर तांबडा तारा काढतात, आणि तो पाहून घरची मंडळी मुलाचा अभ्यास उत्तम चालला आहे असें समजून संतोष पावतात. वस्तुतः तो तारा मुलाचा नव्हे, हें आईला ठाऊक असतें, बाईंना ठाऊक असतें, आणि मुलालाही ठाऊक असतें. आयुष्यांतील पहिल्याच शाळेंत त्यानें शिकलेला पहिला पाठ कोणता, तर दुसऱ्याच्या हातानें लिहून आपण शाबासकी मिळवितां येते हा!

जून महिन्यांत शाळा उघडल्या कीं दरवर्षीं असंख्य घरांत हा प्रकार नव्यानें सुरू होतो. म्हणून हीं मुलें वर्गांत काय शिकतात, काय शिकावयास पाहिजे, आणि त्यांपैकीं कशाचा सराव घरीं व्हावा, या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. विषय लहान मुलांचा आहे, परंतु लहान नाहीं.

प्रथम दोष कोणाचा तें पाहूं. शाळाचालकांस विचारावें तर ते म्हणतात, "आम्ही काय करावें? वही कोरी राहिली कीं पालक दारांत उभे राहून फी कशाची घेतां असें विचारतात." पालकांस विचारावें तर ते म्हणतात, "शेजारच्या शाळेंतील मुलें शंभरपर्यंत आंकडे लिहितात. आमचें मूल मागें राहिलें तर?" दोघेही खोटें बोलत नाहींत. आमच्या व्यापारी बंधूंस तर हा प्रकार चटकन् उमगेल. पैसा दिला कीं पावती पाहिजे, माल आला कीं वहींत नोंद पाहिजे, ही दुकानांतील शिस्त योग्यच आहे. परंतु मुलाच्या शिक्षणांतील बराच मोठा माल असा असतो कीं, त्याची नोंद मुलाच्या वहींत होऊंच शकत नाहीं. मुलानें आज गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, झोपाळ्यावरची आपली पाळी दुसऱ्यास दिली, दहा चिंचोके मोजून वेगळे ठेवले, सदऱ्याचें बटण स्वतः लावलें, न भितां चारचौघांत आपलें नांव सांगितलें, ही त्या दिवसाची खरी कमाई. पण ती वहींत दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याला पैसे द्यावयास पालक कचरतात, आणि म्हणून जें दिसतें तेवढेंच शिकविण्याकडे शाळांचा कल होतो.

याचा परिणाम काय झाला आहे? 'ज्युनिअर' आणि 'सिनिअर' या नांवांनीं जे बालवर्ग आज गल्लोगल्लीं चालले आहेत, त्यांतील पुष्कळांत मुलांचा दिवस 'स्टँडिंग लाइन' व 'स्लीपिंग लाइन' गिरविण्यांत, इंग्रजी मुळाक्षरें ठिपक्यांवरून काढण्यांत, जें फळ कधीं चाखलें नाहीं व जें जनावर कधीं पाहिलें नाहीं त्यांचीं नांवें घोकण्यांत, आणि अर्थ न कळतां गाणीं म्हणण्यांत जातो. सर्वच शाळा अशा नाहींत, हें आम्ही आनंदानें नमूद करतों. कित्येक ठिकाणीं मन लावून काम करणाऱ्या शिक्षिका आहेत. परंतु पालकांच्या आग्रहापुढें त्यांचेंही फारसें चालत नाहीं.

आतां ज्या शब्दाच्या आधारें हे वर्ग चालतात त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहा. 'किंडरगार्टन' हा जर्मन शब्द; त्याचा अर्थ मुलांची बाग. फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षकानें १८३७ सालीं ब्लांकनबुर्ग या गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला हें नांव दिलें. त्या बागेंत लोकरीचे चेंडू होते, लाकडी ठोकळे होते, घड्या घालावयाचे कागद होते, गाणीं होतीं, आणि मुलांनीं स्वतः लावावयाचे वाफे होते. खेळ हेंच त्या वयाचें काम, असें त्याचें म्हणणें. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या शाळांवर बंदी घातली, आणि ती १८६० सालीं उठली. राजसत्तेच्या बंदीनें जी कल्पना मेली नाहीं तिची गत आम्ही मात्र अशी केली कीं, पाटीवर नांव ठेवलें आणि आंतून बाग उपटून टाकली.

कोणी म्हणेल, हें सर्व ठीक, पण लौकर लिहावयास लागण्यांत तोटा काय? त्याचें उत्तर मुलाच्या हातांतच आहे. मनुष्याच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्मतः तीं बहुधा मऊ कूर्चेच्या रूपांत असतात, आणि पुढें एकामागून एक पक्कीं होत जातात. चौथ्या वर्षाच्या सुमारास त्यांपैकीं साधारण निम्मींच घट्ट होऊं लागलेलीं असतात. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही याच वर्षांत हळूहळू येतो. अशा हातास पानभर बारीक रेघा ओढावयास लावणें म्हणजे कच्च्या भिंतीवर माळा चढविण्यासारखें आहे. मूल कंटाळतें, पेन्सिल नको तशी धरावयास शिकतें, आणि वही दिसतांच तोंड फिरवितें. ही नावड अक्षरांविषयीं असती तर काळानें गेली असती. परंतु ती अभ्यास या वस्तूविषयींच उत्पन्न होते, हें अधिक भयंकर आहे.

चार वर्षांच्या मुलास अक्षर दाखवूंच नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत बालगृह काढलें, तेव्हां तेथील चार-पांच वर्षांचीं मुलें आपण होऊन लिहूं लागलीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु त्याआधीं त्या मुलांनीं कित्येक महिने खरबरीत कागदाच्या अक्षरांवरून नुसतीं बोटें फिरविलीं होतीं, आकृत्यांच्या कडा गिरविल्या होत्या, बटणें लावलीं होतीं, पाणी ओतलें होतें. हात आधीं तयार झाला, मग त्यानें स्वतः अक्षर मागितलें. आमच्याकडील जुनी धूळपाटी तरी दुसरें काय होती? पाटीवर धूळ पसरावयाची, बोटानें अक्षर गिरवावयाचें, चुकलें तर हात फिरवून मोडावयाचें. चुकीचा डाग मागें राहत नसे. पंतोजींची शाळा आदर्श होती असें कोणीं समजूं नये. तेथें छडी होती, अर्थाविना घोकंपट्टी होती, आणि मुलींस व बहुसंख्य जातींच्या मुलांस तिचें दार बहुधा बंदच होतें. तथापि बोट आधीं आणि लेखणी मागून, एवढा विवेक तिलाही होता. तो आमच्या रंगीत भिंतींच्या शाळांत उरूं नये, हें लाजिरवाणें होय.

यासाठीं परदेशाकडेच पाहिलें पाहिजे असेंही नाहीं. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यांत सामील झाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें ताराबाईंच्या लक्षांत आलें कीं, माँटेसरींचीं साधनें महाग, आणि आपलीं मुलें तर खेड्यांत. म्हणून १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें त्यांनीं शिंपले, बिया, खडे, पानें, माती यांचींच साधनें केलीं. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळाच त्याच्या अंगणांत नेली. वारली मुलें गुरें चारावयास जात, तर कुरणांतच शाळा भरविली. आज महाराष्ट्रांत एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतून त्या उभ्या राहिल्या. पण अंगणांतल्या शाळेचा धडा ताराबाई आणि अनुताई यांनीं त्यापूर्वींच घालून दिला होता. आपल्याच घरांत ठेवलेला हा ठेवा सोडून आम्ही ठिपक्यांच्या वह्या विकत घेत बसलों आहों.

सरकारी धोरण आणि न्यायालयें यांचा कौल कोणत्या बाजूस आहे? मद्रास उच्च न्यायालयानें २०१८ सालीं पहिली व दुसरीच्या मुलांस घरचा अभ्यास देऊं नये असा निर्णय दिला. २०२० सालच्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणानें दुसरीपर्यंत गृहपाठ नको व बालवर्गास दप्तरच नको असें सांगितलें. २०२२ सालीं पायाभूत स्तराचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला, त्यानें तीन ते सहा या वयांत खेळ, गोष्टी, गाणीं व वस्तु हींच शिक्षणाचीं साधनें मानलीं, आणि मुलाच्या घरच्या भाषेस पहिलें स्थान दिलें. दुसरीच्या मुलास जो गृहपाठ वर्ज्य, तो शिशुवर्गास कसा चालतो? कागदावर जें ठरलें आहे तें अंमलांत येत नाहीं, याचें मुख्य कारण सरकारची ढिलाई हें तर आहेच. पण त्याहून मोठें कारण असें कीं, त्याची मागणी करणारा पालकच नाहीं.

भाषेचा उल्लेख आला म्हणून स्पष्टच सांगतों. आमच्या व्यापारी वर्गास इंग्रजीचें महत्त्व वाटतें, आणि तें रास्त आहे. परंतु वर्गांत 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणणाऱ्या मुलास आजीनें "पंचवीस पोळ्या झाल्या" असें सांगितलें असतां तें गोंधळून पाहूं लागतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. त्याला एकही संख्या नीट कळलेली नसते. दोन भाषांतील दोन आवाज मात्र पाठ असतात. मूल प्रथम विचार करावयास शिकतें तें ज्या भाषेंत त्याला रागवितात, समजावितात आणि गोष्टी सांगतात त्या भाषेंत. ती भाषा भरघोस झाली कीं तिच्यावर दुसरी सहज चढते. पहिलीच अर्धवट ठेवली तर दुसरीही अर्धवटच राहते.

आतां मुख्य आक्षेप. जग चढाओढीचें आहे, आणि जो आधीं धांवेल तो पुढें जाईल, असें म्हणतात. त्यास आमचें पहिलें उत्तर हें कीं, ज्या भीतीनें ही घाई चालते ती बरीचशी निराधार आहे. पहिलीच्या प्रवेशासाठीं मुलाची अथवा आईबापांची चाळणी-परीक्षा घेण्यास २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें मनाई केली आहे. कोणी घेत असेल तर तो कायदा मोडतो. दुसरें उत्तर अनुभवाचें. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील यप्सिलँटी या गांवीं १९६२ सालीं गरीब कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकीं ५८ मुलांस बालवर्गांत घेतलें, ६५ मुलांस घेतलें नाहीं. त्या वर्गांत मुलें आपल्या खेळाचा बेत स्वतः आंखीत, आणि शिक्षिका आठवड्यांतून एकदां प्रत्येकाच्या घरीं जाऊन आईबरोबर व मुलाबरोबर वेळ घालवीत. बुद्धिमापनाच्या परीक्षेंत या मुलांनीं घेतलेली आघाडी कांहीं वर्षांतच ओसरली. परंतु चाळिसाव्या वर्षीं पाहिलें तेव्हां त्यांची मिळकत अधिक आणि त्यांच्या हातून घडलेले गुन्हे कमी आढळले. उलट टेनेसी संस्थानाच्या सरकारी बालवर्गांत गेलेलीं मुलें सहाव्या इयत्तेंत, न गेलेल्या मुलांच्या मागें पडलेलीं दिसलीं, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नमूद आहे. त्याच्या कारणांविषयीं विद्वानांत वाद असेल. पण लौकर बसविलेलें मूल पुढें जातेंच, ही समजूत त्यानें खासच ढासळते.

आमच्याकडील हकीगतही विचार करावयास लावणारी आहे. २०२४ सालच्या 'असर' पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांत तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा सोपा उतारा वाचूं शकणारीं मुलें सुमारें चतुर्थांशच आढळलीं. यावर कोणी म्हणेल, मग आणखी लौकर वाचन-लेखन सुरू करा. आम्हांस यांतून निराळाच बोध होतो. ज्या मुलाच्या कानांवर गोष्टी पडल्या नाहींत, ज्याला आपलें म्हणणें चार वाक्यांत सांगतां येत नाहीं, त्याला अक्षरें कळलीं तरी त्यांतून अर्थ निघत नाहीं. कमतरता अक्षरांच्या आधीं जें यावयास पाहिजे त्याची आहे. अक्षरांची घाई करून ती भरून येणार नाहीं.

आणि यांतच अन्यायाचा एक मुद्दा आहे, ज्याकडे सुशिक्षित पालकांचें लक्ष सहसा जात नाहीं. ज्या घरांत आई पदवीधर आहे तेथें वहीचें पान भरून जातें. परंतु त्याच वर्गांत हमालाचें मूल असतें, धुणीभांडीं करणाऱ्या बाईचें मूल असतें. पोटाला चिमटा घेऊन ते आईबाप फी भरतात. संध्याकाळीं ती माउली घरीं येते, मोबाइलवरचा इंग्रजी मजकूर तिला वाचतां येत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्या मुलाचें पान कोरें राहतें. तारा त्याला मिळत नाहीं. कांहींजण यावर उपाय म्हणून चार वर्षांच्या मुलासही शिकवणीस धाडतात आणि त्यासाठीं कर्ज काढतात. ज्या शिक्षणानें उंच-नीच मोडावयाचें, तेंच मुलास पांच वर्षें पुरीं होण्याच्या आंत तूं मागासलेला आहेस असें शिकवूं लागलें, तर त्याला शिक्षण तरी कां म्हणावें? चिंचोके मोजावयास, गोष्ट सांगावयास, ताटें मांडावयास मात्र आई शिकलेली असावी लागत नाहीं. तो अभ्यास सर्व घरांस सारखा आहे. किंबहुना कष्टकऱ्यांच्या घरांत त्याचीं साधनें अधिकच असतात.

मग घरीं करावें काय? आमच्या मतें पुढील गोष्टी पुरेशा आहेत. जेवणाच्या वेळीं घरांत माणसें किती तितकीं ताटें व तितक्याच वाट्या मुलास मांडूं द्याव्या. एकास एक जोडणें हाच सर्व गणिताचा पाया होय. शेंगा सोलणें, कणकेचा गोळा वळणें, रांगोळीचे ठिपके देणें, यांनीं बोटांची चिमट जेवढी बळकट होते तेवढी ठिपक्यांच्या वहीनें होत नाहीं. दुकानदारानें रात्रीं गल्ला मोजतांना मुलास शेजारीं बसवून एक, दोन, पांच व दहा रुपयांचीं नाणीं निरनिराळीं लावूं द्यावीं. पावकिलोचें व अर्ध्या किलोचें वजन दोन हातांत देऊन जड कोणतें हें विचारावें. बाजारांत जातांना दुकानांच्या पाट्यांवर त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर शोधावयास सांगावें. रात्रीं निजतांना एक गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या रात्रीं तीच त्याच्याकडून ऐकावी. तें चुकलें तर मध्येंच अडवूं नये. चप्पल जागेवर ठेवणें, हात धुणें, आपलें पांघरूण घडी करणें हीं कामें त्याचीं त्यास करूं द्यावीं, मग वेळ लागला तरी चालेल. आणि हीं कामें मुलीस जशीं तशींच मुलासही द्यावीं. मुलगी वाटी मांडते आणि मुलगा तिच्याकडून मागून घेतो, हा पाठ आमच्या घरांत पिढ्यानुपिढ्या बिनवहीचा चालला आहे. तो मोडण्यास हेंच वय योग्य.

यासाठीं दिवसाकाठीं अर्धा तास पुरे आहे, आणि तो बापानेंही द्यावयाचा आहे. मूल मोबाइलच्या स्वाधीन करून आपण दुसऱ्या मोबाइलवर बसावयाचें, आणि शाळेनें मात्र त्यास विद्वान करावें, ही अपेक्षा धरण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

शाळाचालकांस आमची विनंती एवढीच कीं, त्यांनीं वर्षाच्या आरंभीं पालकांस बोलावून वर्गांत काय चालतें तें प्रत्यक्ष दाखवावें. वहीऐवजीं महिन्यांतून एकदां शिक्षिकेनें प्रत्येक मुलाविषयीं चार ओळी लिहून द्याव्या: काय बोलूं लागलें, कोणाशीं खेळतें, काय स्वतः करतें, कशास भितें. पालकांस पावती पाहिजे ना? ही खरी पावती होय. आणि पालकांनीं प्रवेश घेतांना इमारत किती मजली आहे हें विचारण्यापूर्वीं एका बाईंकडे मुलें किती, त्या बाईंचें शिक्षण काय, व त्यांना पगार काय मिळतो, हे तीन प्रश्न विचारावे. ज्या शाळेंत शिक्षिकेस मोलकरणीइतकाही मोबदला मिळत नाहीं तेथें तुमच्या मुलाची बाग कोण शिंपणार?

असो. चांगला व्यापारी बीं पेरल्यापासून चौथ्या दिवशीं शेतकऱ्याकडे धान्य मागत नाहीं, कारण मागून मिळावयाचें नसतें आणि उकरून पाहिलें तर बींही हातचें जातें, हें तो जाणतो. तोच शहाणपणा त्यानें आपल्या मुलाविषयीं दाखवावा. आज संध्याकाळीं घरीं गेल्यावर ती चार रेघांची वही एका दिवसापुरती मिटून ठेवावी आणि मुलास विचारावें, "आज शाळेंत काय गंमत झाली?" आणि त्याचें सांगणें संपेपर्यंत ऐकावें. बालवर्गाचा खरा घरचा अभ्यास तो हाच, आणि तो पहिल्यानें आपणांस करावयाचा आहे.